कारण: स्वतःची चूक

नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशी मी सगळ्यांना हात वर करायला लावतो आणि ओळीने फिरून ते हात नीट बघतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमची ट्रेनिंगची शेड आहे. तिथे दोन कामं शिकवली जातात. एक, वजनाला बेल्ट किंवा वायररोप कसा बांधायचा. आणि दुसरं, क्रेनवाल्याला हाताने सिग्नल कसा द्यायचा. क्रेनवाला केबिनमध्ये बसलेला असतो, त्याला खालचं निम्मं दिसत नाही. वर, खाली, थांब हे खाली उभा असलेला सिग्नलमन सांगेल तेच त्याच्यासाठी खरं. तीन दिवस शिकवणं, चौथ्या दिवशी परीक्षा आणि पास झाला तर कार्ड. हल्ली कार्डाशिवाय मोठ्या साइटच्या गेटमधून आत घेत नाहीत.

त्या सोमवारी तिसऱ्या रांगेत एक उजवा हात वर झाला, त्याला अंगठा नव्हता. चेहऱ्याकडे बघायची मला गरजच पडली नाही. तो अंगठा माझ्या सिग्नलवर गेला होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्याला घोडबंदर रोडच्या बाजूला एका टॉवरचं काम चालू होतं आणि मी डिप्लोमा करून नुकताच ज्युनिअर इंजिनीअर म्हणून लागलो होतो. त्या दिवशी सिग्नलमन आला नव्हता आणि पाइपांचे बंडल तर चढवायचे होते. मी म्हटलं, मी देतो सिग्नल, त्यात काय आहे, हातच तर हलवायचा. शर्टाला इस्त्री असली की माणसाला असं वाटतं. बंडलाला बेल्ट बांधायला दादा होता. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, मूळचा साताऱ्याकडचा, सगळी साइट त्याला दादाच म्हणायची. तो मात्र मला पहिल्या दिवसापासून साहेब म्हणत आला.

तेव्हा सगळीकडे एक पद्धत होती, आजही पुष्कळ ठिकाणी आहे. क्रेनने बेल्टची ढील खेचून घेईपर्यंत बेल्ट जागचा सरकू नये म्हणून बांधणारा तो हाताने धरून ठेवतो. बेल्ट ताणला जाऊ लागला की हात काढायचा आणि दोन पावलं मागे व्हायचं. त्या दोन-चार सेकंदांत सिग्नल देणाऱ्याने त्या हाताशिवाय दुसरं काही बघायचंच नसतं. मी बघत होतो तिसऱ्या मजल्याकडे. तिथून कॉन्ट्रॅक्टर घड्याळावर बोट आपटत मला घाई करत होता. त्याच्याकडे बघत बघतच मी 'उचल' म्हणून बोट वर करून गोल फिरवलं. बंडल जेमतेम वीतभर उचललं गेलं असेल. दादा ओरडलासुद्धा नाही. 'आई' एवढंच म्हणाला, तेही हळू, कुणाला तरी हाक मारल्यासारखं.

कंपनीचा सेफ्टीवाला संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याचा जबाब घेऊन आला. 'माझं लक्ष नव्हतं, मी हात वेळेत काढला नाही,' असा दादाचा जबाब होता. खाली त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. सही येत होती त्याला, पण उजवा हात बँडेजात होता. मग मला विचारलं. मी सांगितलं की सिग्नल देताना सगळं क्लिअर होतं, आणि सही केली. फाइल बंद झाली. दादा काही महिने गावी गेला, मी दुसऱ्या कंपनीत गेलो, आणि पुढे हे शिकवण्याचं काम मिळालं. कुणाला वाटेल मी प्रायश्चित्त म्हणून या कामात आलो. तसलं काही नाही. साइटच्या धुळीला कंटाळलो होतो आणि इथे रविवारची सुट्टी होती.

'साहेब, ओळखलंत ना?' चहाच्या सुट्टीत दादा स्वतःच जवळ आला. केस पांढरे झाले होते, कमरेत जरा वाकला होता, बाकी तसाच. आता विठ्ठलवाडीला राहतो म्हणाला. 'ह्या महिन्याच्या आत कार्ड आणा, नाहीतर गोडाऊनला टाकतो, टेम्पो भरायला, असं सांगितलंय कंपनीने. कमरेचं तुम्ही बघताच आहात. टेम्पो काय झेपणार नाय मला.' मी म्हटलं, तुम्हाला कशाला काळजी, तुम्ही आम्हाला शिकवाल. असं काहीतरी मोकळं बोललो आणि चहाचा कप ठेवायच्या निमित्ताने तिथून सटकलो.

काम त्याचं खरंच चोख होतं. मी बेल्टांच्या ढिगात मुद्दाम एक कापलेला बेल्ट ठेवतो. कापलेली बाजू खाली दडवलेली असते. पोरं तो सर्रास उचलतात. दादाने तो नुसता हातातून सरकवला आणि बाजूला फेकला. सिग्नल देताना मात्र तोंड बंद राहीना. हाताबरोबर 'आरिया, आरिया' सुरू व्हायचं. आरिया म्हणजे खाली सोड, जुन्या खलाशांची भाषा. क्रेनचं बूम, म्हणजे तिचा लांब दांडा, वर घे हे अंगठा वर करून दाखवायचं असतं, ते तो डाव्या हाताने दाखवायचा आणि एकदाही चुकला नाही. मी म्हटलं, दादा, आवाज बंद, क्रेनवाल्याला कानात इंजिन ऐकू येतंय. सगळे हसले, तोही हसला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीचा धडा घेतला. वर-खालीचा सिग्नल एकानेच द्यायचा, पण थांबचा सिग्नल कोणीही देऊ शकतो. झाडू मारणाऱ्या बाईने हात आडवा केला तरी क्रेन थांबली पाहिजे.

'आणि सिग्नल साहेबच देत असला तर, साहेब?' दादाने विचारलं.

वर्गात हशा पिकला. तरीही द्यायचा, असं म्हणून मी फळा पुसायला लागलो. फळा कोराच होता. मागून दादा शांतपणे म्हणाला, 'तेव्हा कुणी सांगितलेलं नाय आम्हाला.'

त्याच संध्याकाळी मी अर्ज तपासायला बसलो. अर्जात एक रकाना असतो, यापूर्वी झालेला अपघात व त्याचं कारण. दादाने वळणदार अक्षरात लिहिलं होतं: उजवा अंगठा गेला. कारण: स्वतःची चूक. स्वतःच्या चुकीने अपघात झालेल्या माणसाचं कार्ड सहसा अडवतात, हे मला माहीत होतं. त्याला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी तो अर्ज गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. तिथे ठेवल्याने काय होणार होतं देव जाणे.

चौथ्या दिवशी ठाण्याहून परीक्षक मॅडम आल्या. पन्नाशीच्या, इंजिनीअर, कमी बोलणाऱ्या. दादाने पाइपांचं बंडल बांधलं, उचलवलं, फिरवलं आणि आखलेल्या चौकोनात बरोबर उतरवलं. ओठ घट्ट मिटलेले. मग तोंडी परीक्षा. मी मॅडमच्या शेजारीच बसलो होतो.

'हा अंगठा कसा गेला?'

'माझीच चूक, मॅडम. हात वेळेत काढला नाय.'

हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमनी अर्ज पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि त्याला बाहेर थांबायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, 'काम सुंदर आहे. पण ज्याने स्वतःचा हात सांभाळला नाही, त्याच्यावर मी दुसऱ्यांचे हात कसे सोपवू?' आणि तो कागद त्यांनी वेगळा, पालथा ठेवला.

त्याच क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. पुढची तीन पोरं आत आली, प्रश्न झाले, उत्तरं झाली. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मी त्या पालथ्या कागदाकडे बघत होतो आणि मनात हिशेब चालला होता. टिटवाळ्याच्या फ्लॅटचे हप्ते, मुलीची शाळा, शेडच्या भिंतीवर लावलेला माझा ट्रेनरचा फोटो. लाज वाटते लिहायला, पण असंच चाललं होतं. चौथा मुलगा दारात आला तेव्हा मी त्याला थांबायला सांगितलं आणि म्हणालो, 'मॅडम, दादांचा अंगठा गेला त्या दिवशी सिग्नल माझा होता. मी त्यांच्या हाताकडे बघत नव्हतो.'

'आणि अपघाताचा रिपोर्ट?'

'खोटा आहे. माझी सही आहे त्यावर.'

त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि सगळं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग दादाचा कागद सुलटा करून त्यावर सही केली. 'त्यांना कार्ड मिळेल. तुमचं शिकवणं मात्र आजपासून बंद. मला वर कळवावं लागेल,' त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

खोटं कशाला बोलू, बाहेर पडताना माझी छाती फुगली होती. नोकरी धोक्यात होती आणि तरी मला हलकं, चांगलं वाटत होतं. दादा गेटपाशी पिशवी घेऊन उभा होता. मी घाईघाईने त्याला सगळं सांगितलं. तो माझा हात हातात घेईल असं मला वाटत होतं.

'बरं झालं,' तो म्हणाला. 'कार्ड मिळालं.' मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. 'मॅडमना सांगितलंत. मला कधी सांगणार होतात?'

'तुम्हाला तर माहीतच होतं, दादा.'

'मला माहीत होतं. तुम्ही सांगितलेलं नव्हतं.' त्याचा आवाज चढला नव्हता. 'मी तेव्हा माझ्यावर घेतलं, वाटलं नवीन पोरगा आहे, नोकरी जाईल त्याची. म्हटलं, येईल, आपल्याशी तरी बोलेल. तुम्ही दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आलेलात. मी बायकोला चहा आणायला खाली पाठवलं. मला चहा नको होता, साहेब. ती जाऊन परत येईपर्यंत तुम्ही स्टुलावर बसून होतात. पंखा फार आवाज करतो, एवढंच बोललात.'

मी भेटायला गेलो होतो हे मला पक्कं आठवत होतं. मी काही वाईट माणूस नाही याचा पुरावा म्हणून अकरा वर्षं ती भेट मी मनात जपली होती. पंख्याचं साफ विसरलो होतो.

'चुकलो, दादा,' मी म्हटलं. 'सिग्नल मी दिला. मी वर बघत होतो. तुमची काही चूक नव्हती.' त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि रिक्षाला हात केला. एक पाय आत ठेवून तो वळला.

'एकदा घरी या. तिला सांगा. इतकी वर्षं ती मला वेंधळाच म्हणते. भांडण झालं की पहिलं तेच काढते. पोरांसमोर.'

रविवारी मी विठ्ठलवाडीला गेलो. दादा दारात उभा होता. त्याच्या बायकोने मला ओळखलं. साहेब घरी आले म्हणून तिने लगबगीने खुर्ची पुसली, पोरांना बाजूला सारलं, आणि चहा टाकते म्हणून ती आत वळली.

'वहिनी,' मी म्हटलं, 'चहा नको. आधी बसा.'