फुलं पाहायला नेलेला चष्मा

आमच्या धंद्यात सहल कमवावी लागते. बियाणं आणि फवारणीची औषधं विकणारा दुकानदार हंगामात कंपनीने सांगितल्या तितक्या पेट्या उचलतो, मग कंपनी खूश होऊन त्याला कुठेतरी फिरवून आणते. आधीच्या वर्षी गोवा झाला होता. त्या वर्षी कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की दुकानदारांना उत्तराखंडात न्यावं, डोंगरमाथ्यावरची रानफुलं दाखवायला, तेही पायी, वाटाड्याच्या मागे. आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. फुकट मिळतंय म्हटल्यावर नाही मात्र कुणी म्हणालं नाही.

माझं दुकान दिग्रसच्या बाहेर, फाट्यावर. ही फुलं फुलतात ऑगस्टात, आणि आमच्याकडे ऑगस्ट म्हणजे फवारणीचा जोर. बायको म्हणाली, जा तुम्ही, मी बसते गल्ल्यावर. ती माझ्याहून बरी दुकानदार आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

त्या वर्षांत कपाशीचं काही खरं नव्हतं. हिला अळी लागणारच नाही असं सांगून जे बियाणं आम्ही विकलं होतं, त्याच्याच बोंडात गुलाबी अळी निवांत बसू लागली होती. लागण झालेलं फूल उमलत नाही, पाकळ्या मिटून घुमटासारखं राहतं. त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. डोमकळी दिसली की बोटाने उकलायची, आत अळी सापडते. मीही दुसऱ्यांच्या शेतात जाऊन हजारदा उकलली असेल. त्यात पाऊस चांगला झाल्यामुळे कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणारा माणूस दोन ओळींमधल्या तासात शिरला की वरून फक्त पाण्याचा धूर दिसायचा.

निघायच्या दोन दिवस आधी दुकानात भिया आला. तांड्यावरचे लोक भावाला भिया म्हणतात, मीही त्याला त्याच नावाने हाक मारायचो. तो पाठीवर पंप घेऊन दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करायचा आणि पंचक्रोशीत त्याच्या हाताला मान होता. एक झाड सुटायचं नाही. सोबत त्याची बायको होती. ती पाण्याच्या घागरी वाहायची आणि पंप भरून द्यायची.

"भाऊ, जरा कडक काढा," भिया म्हणाला. "मागच्यानं काहीच नाही झालं. अळी तशीच हाय."

मी एक बाटली पुढे केली. त्याने झाकण उघडून हुंगलं आणि मान हलवली. आमच्याकडे औषध असंच पारखतात. वास नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं की माल जोरदार. मी दुसरी बाटली दिली. ती हुंगताना त्याने मान मागे घेतली आणि हसला. "हे बरोबर हाय."

"याच्यात हे दुसरं पण टाक," मी म्हणालो, "अन् वाढीचं टॉनिक. तिन्ही एकाच पंपात मार."

असं एकत्र करा म्हणून कुठल्याही बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. पण आम्ही सगळे दुकानदार तसंच सांगायचो, आणि लोक आमचं ऐकायचे, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

मग त्याची बायको पुढे झाली. "भाऊ, कपाशी लय उंच झाली. फवारा सारा ह्यायच्या तोंडावर येते. संध्याकाळी हे डोये चोळत बसते. कंपनीचा चष्मा भेटते म्हणे तुमच्याकडे. एक द्या ना."

"संपले," मी म्हणालो.

"एकही नाही?"

"एकही नाही. आलो की मागवतो."

"मंग राहू द्या," भिया म्हणाला. "दुपट्टा बांधतो मी." त्याने तिन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या आणि दोघं गेली.

आता त्या चष्म्यांचं सांगतो. कंपनी औषधासोबत एक खोकं पाठवायची. त्यात फवारणाऱ्यांना फुकट वाटायचे संच असत: चारी बाजूंनी बंद हिरव्या काचेचा चष्मा, पिवळे रबरी हातमोजे आणि तोंडावर बांधायची जाळी. माझ्याकडे वीस आले होते. माझा साळा मोटरसायकलवर धूळ लागू नये म्हणून दोन चष्मे घेऊन गेला. जन्मात पंप न उचललेल्या एका बागायतदाराने चार संच नेले, त्याला नाही कोण म्हणणार? असे करत गेले. शेवटचा एक उरला होता. वणीच्या एका दुकानदाराने फोनवर सांगितलं की वर बर्फाची तिरीप डोळ्यांना सोसत नाही आणि हात थंडीने काकडतात. म्हणून तो शेवटचा संच मी माझ्या बॅगेत टाकला होता. भियाची बायको चष्मा मागत होती तेव्हा ती बॅग माझ्या खुर्चीमागे, हाताच्या अंतरावर होती.

मी तेव्हा फार विचार केला असंही नाही. संपले म्हणालो आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

जोशीमठच्या पुढे गाडी सोडून आम्ही एकोणीस दुकानदार चालायला लागलो. आयुष्यभर खुर्चीवर बसून वाढलेली आमची पोटं, त्यात तो चढ. शंभर पावलांवर आम्ही बसायचो आणि वाटाड्या उभा राहून वाट पाहायचा. पन्नाशीचा, वाळका, कमी बोलणारा पहाडी माणूस होता. प्रत्येक फुलापाशी थांबून त्याचं नाव सांगायचा आणि नाव सांगताना आवाज खाली आणायचा, घरातल्या झोपलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा. आमचं लक्ष नव्हतं. फोनला रेंज नाही म्हणून सगळे चिडले होते.

दुसऱ्या दिवशी दरीत शिरलो. डोंगर धुक्यात होते आणि पायाखालपासून थेट बर्फाच्या कडेपर्यंत फुलं. पिवळी, जांभळी, निळी, आणि माणसाच्या छातीइतका उंच गुलाबी तेरडा. कुणी पेरलं नव्हतं, कुणी निंदलं नव्हतं. माझ्या बापाला हे दाखवायला हवं होतं असं वाटलं.

वणीवाला मागून आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाप्पा, केवढं तण हाय. इथं तणनाशक लय खपन." सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना मनातल्या मनात कुठलं तणनाशक चालेल ते ठरवूनही टाकलं. सवय हाडात शिरलेली असते.

ऊन निघालं तसा मी तो हिरवा चष्मा लावला आणि पिवळे हातमोजे घातले. सगळ्यांनी खूप चेष्टा केली. "फवारणीले निघाले काय भाऊ?" एकाने माझ्याच फोनवर माझा फोटो काढला, फुलांच्या मधोमध.

वाटेच्या कडेला एक निळं-जांभळं फूल होतं. त्याची वरची पाकळी टोपडं घातल्यासारखी पुढे आलेली, तोंड मिटलेलं. मी थबकलो. डोमकळी! माझा हात आपोआप गेला. मी फूल खुडलं आणि अंगठ्याने उकलून आत अळी पाहू लागलो.

वाटाड्या धावत आला. त्याने ते फूल माझ्या हातातून उडवलं. "मत छुइए! मीठा ज़हर है ये!"

बचनागाचं फूल होतं ते. मुळापासून टोकापर्यंत विष. मी म्हणालो, हातमोजे आहेत. तो ऐकेना. त्याने सगळ्या एकोणीस जणांना ओढ्यावर नेलं, स्वतःच्या झोळीतून साबणाची वडी काढली आणि एकेकाला हात धुवायला लावले. मला आधी हातमोजे धुवायला लावले, मग ते काढून हात, मग पुन्हा हात. "घर में बच्चे होंगे आपके," तो म्हणत होता. "आँख में मत लगाना हाथ." बर्फाच्या पाण्याने बोटं बधिर झाली तरी सोडेना.

मग त्याचा राग उतरला आणि त्याने माझे हातमोजे उलटेपालटे करून पाहिले. "बढ़िया चीज़ है. कहाँ मिलते हैं?"

"हमारी दुकान में," मी म्हणालो. "किसानों के लिए. फ्री."

"फ्री?" त्याला खरं वाटेना. "चश्मा भी? आपके यहाँ के किसान तो नसीबवाले हैं."

मी हो म्हणालो. हातमोजे झटकून खिशात टाकले. एका फुलासाठी हा माणूस एकोणीस जणांचे हात धुवून घेत होता. मी मात्र विषाच्या बाटल्या विकून त्याच हाताने दुकानात भजी खायचो आणि गिऱ्हाइकालाही द्यायचो.

तिसऱ्या दिवशी खाली उतरलो. गाडीत बसून रस्त्याला लागलो आणि रेंज आली. आधी एक फोन वाजला. मग दुसरा, मग पाठोपाठ सगळे. पाच मिनिटं गाडीत जो तो कानाला फोन लावून होता. आर्णीचा दुकानदार उठून उभा राहिला आणि परत बसला. वणीवाल्याने फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

माझ्या बायकोने सांगितलं, "भिया परवा शेतात पडला. उलट्या होत होत्या. बायकोनं त्याले कोणाच्या तरी मोटरसायकलवर मधात धरून दिग्रसले आणलं, तिथून यवतमाळले नेलं. डोयानं दिसून नाही राह्यलं म्हणते." मग ती म्हणाली, "अजून दोघं हायत, दुसऱ्या गावचे. लोक दुकानात येऊन पाहून जाऊन राह्यले. मी शटर पाडलं."

"त्यानं तिन्ही एकत्र मारलं का?"

"तुमीच सांगतलं होतं ना," ती म्हणाली.

गावी आल्यावर मी यवतमाळला गेलो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आवारात झाडाखाली बायका बसल्या होत्या, प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली आणि माणसाच्या कपड्यांचं गाठोडं. त्यांत भियाची बायको पाठमोरी दिसली. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि पहिल्या एसटीने परत आलो. कोणी विचारलं तर सांगायचो, जाऊन आलो. ते खोटंही नव्हतं.

भिया जगला. दुसरे दोघं जगले नाहीत. दुकानांची तपासणी झाली, साहेब लोक आले, कागद पाहून गेले. तोंडी सांगितलेली गोष्ट कागदावर नसते, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी तांड्यावर गेलो, सफरचंदं घेऊन. भिया घरापुढच्या खाटेवर बसला होता. एक डोळा पांढरा पडला होता आणि दुसऱ्याने त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. माझा आवाज ओळखून तो उठायला लागला. मी त्याला खांदा धरून बसवलं. त्याच्या बायकोने चहा ठेवला. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. मला तेच हवं होतं, बहुतेक.

"भाऊ, तुमी फुलं पाह्याले गेलते म्हणे," तो म्हणाला. "कशी होती?"

मी कसंबसं सांगायला लागलो. निळी होती, पिवळी होती. माझ्याकडून वर्णन होईना. सवयीने मी फोन काढला आणि मग माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. भियाला फोन काढल्याचं कळलं असावं.

"फोटू हाय का? तिले दाखवा. ते सांगन मले."

ती चुलीपासून उठून आली, पदराला हात पुसून फोन घेतला आणि त्याच्याजवळ बसली. एकेक फोटो बोटाने सरकवत सांगू लागली. "हे पिवये हाय, हरभऱ्याच्या घाट्याएवढे. हे निये, टोपडं घातल्यावानी. हे मोठं रान हाय, सारं गुलाबी." तो मान हलवत ऐकत होता, तोंड जरा उघडं.

मग तिचं बोट थांबलं. कुठल्या फोटोवर थांबलं ते मला पाहायची गरज नव्हती.

"काय झालं?" भिया म्हणाला. "थांबली काहून?"

"भाऊचा फोटू हाय."

"कसे दिसते भाऊ?"

तिने वर पाहिलं. त्या दिवशी माझ्या दुकानात, एकही नाही का, असं विचारताना पाहिलं होतं तसंच, सरळ. मी तेव्हा बोलायला हवं होतं. सगळं सांगायला हवं होतं, त्याच्यापुढे, तिच्यापुढे. मी सफरचंदांची पिशवी खाटेच्या पायाशी सरकवली.

"चांगले दिसते," ती म्हणाली. "डोयाले चष्मा हाय."

भिया हसला. "बरं केलं भाऊ," तो माझ्या दिशेने, थोडा माझ्या बाजूला बघत म्हणाला. "डोये सांभाळले पाह्यजे."

तिने फोन माझ्या हातात दिला, आणि चहा उतू जात होता म्हणून चुलीकडे गेली.