वामनराव मास्तरांची रिकामी खुर्ची

शाळेत खडूची धूळ आणि किस्से, कितीही झाडा, साचतच राहतात! तीस-पस्तीस सालची गोष्ट. रिसोडला मी गणित शिकवायचो आणि शेजारच्या वर्गात वामनराव ड्रॉइंग मास्तर. मधे भिंत नाही, नुसता बांबूचा तट्टा, त्यामुळं त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू यायचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

त्यांची पद्धत एकच. टेबलावर वस्तू ठेवायची, "पाच मिन्टं नीट पाहून घ्या" म्हणायचं, मग वर चादर टाकायची. पोरांनी आठवून काढायचं.

हेडमास्तर एकदा वैतागले. "समोर असलेली वस्तू झाकता कायले?"

"समोरचं कोणीबी पाह्यते साहेब. गेलेलं दिसलं पाह्यजे!"

बिचाऱ्याची बायको, यमुना, तापाच्या साथीत गेली होती. फोटो एकही नाही. तिचा चेहरा आपण विसरत चाललो, याच भीतीनं तो माणूस पोखरला होता.

*

हेडमास्तरांना आठवड्याचं टाचण, म्हणजे कुठल्या वारी काय शिकवणार ते, सोमवारीच लागायचं. एकदा वामनरावांच्या टाचणात निघालं, 'शुक्रवार : तडकलेला माठ.'

"अहो, माठ तर धड हाय!" हेडमास्तर म्हणाले.

"शुक्रवार यायचाच हाय ना."

गुरुवारी दुपारी माठ आपोआप तडकला. मी म्हटलं, "मास्तर, तुमीच फोडला!" तर म्हणाले, "फोडतो कायले? मले तर ते लिवल्याचंबी आठवत नाही."

*

एकदा रिकामा पितळी लोटा ठेवला. पहिल्या बाकावरच्या कासमनं तो काठोकाठ भरलेला काढला.

"काहून रे, पाणी कुठून आणलं?"

"होतं ना गुर्जी."

चादर काढली, तर लोटा भरलेला! गलका ऐकून मी गेलो आणि ते पाणी मीच खिडकीबाहेर ओतलं. प्यायची छाती कोणाची?

*

दर रविवारी वामनराव यमुनेचा चेहरा काढायचे आणि पुसायचे. "नाक जमते हो. डोळे नाही जमत." मी थट्टेनं म्हणालो, "पोरांकडून काढून घ्या." त्यांचं तोंड पाहिलं आणि जीभ चावली. फार वाईट वाटलं मला.

*

पुढच्या सोमवारी टाचणात होतं, 'शनिवार : रिकामी खुर्ची.'

शनिवारी खुर्ची ठेवली आणि मास्तर वर्गाच्या मागच्या दारात जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं झाली, खुर्चीवर चादर पडली. अर्ध्या तासानं तट्ट्यापलीकडं कागद गोळा झाले, तसा मी उठून गेलो.

तीस कागद. तिसांवरही खुर्चीत बसलेली एकच बाई!

"कॉपी केली कार्ट्यांनी!" मागोमाग आलेले हेडमास्तर ओरडले.

मी कागद बाकांप्रमाणे लावून पाहिले. डावीकडच्या बाकांना तिचा एक गाल दिसला होता, उजवीकडच्यांना दुसरा. मागच्या बाकांना ती लहान दिसली होती. कॉपी अशी होते होय?

वामनरावांनी एक कागद उचलून उजेडाला धरला. "हीच... हीच माही यमुना." मग कासमला जवळ घेऊन म्हणाले, "खरं सांग लेका, तुले काय दिसलं?"

कासम गोंधळला. "बाई बसल्या होत्या ना गुर्जी. तुमी मांगं दारात उभे, अन् त्या पाचही मिन्टं तुमच्याकडंच पाहून राह्यल्या होत्या."