भिंतीजवळचा पिंड

वावराच्या धुऱ्यावर बसून आम्ही सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून राहिलो होतो. मी अन् माही बायको, माही बुढी. आमचं वावर अमरावतीबाहेर, विमानतळाच्या भिंतीले लागून. मी सांभार उपटून द्यायचो, ती जुडी बांधायची. तेवढ्यात विमान धावलं, उठलं, अन् भिंत ओलांडता ओलांडता धप्प आवाज झाला. मागून धूर. पाखरू इंजिनात गेलं होतं.

बुढीच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"अवो, आत माणसं असतीन ना?"

"मंग काय सांभार भरला हाये?" मी म्हटलं.

ती हसली नाही. विमान गोल फिरून खाली आलं. चाकं जमिनीले लागली तेव्हा तिनं श्वास सोडला. "लेकरंबी असतीन आत," म्हणे. मग म्हणे, "बांधा आता. अकोल्याची गाडी निघून जाईन."

ते आमचं संगं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या गेली. दवाखान्यात न्यायची पाळीच आली नाही.

दहाव्याले भिंतीजवळच्या नाल्यावर पिंड ठेवला. आमच्या गावाचे दहावे त्याच जागी होतात. विमानतळाची भिंत त्याच्या लय नंतर झाली. झाडावर कावळे होते, पण शिवेना एकही. मग आमच्यात करतात तसं सुरू झालं. गेलेल्याचा जीव कशात अडकला ते ओळखायचं अन् पिंडापुढं कबूल करायचं. अकोल्याच्या जठारपेठेतून आलेली लेक म्हणे, "आई, बाबाले मी अकोल्याले नेईन." कावळा हलला नाही. मोर्शीचा साळा म्हणे, "बाई, तुही बकरी कोणी इकणार नाई." तरी नाही. साळा माह्या कानात म्हणे, "भाऊजी, बकरीच्या पिल्लाईचंबी बोला. बाईचा काई भरोसा नाई."

एक कावळा खाली उतरला. दोन उड्या मारल्या असत्या तर पोचला असता. तेवढ्यात भिंतीकडून पाखरं हाकलाचा फटाका फुटला. सारं झाड रिकामं झालं.

विमानतळाची जीप आली. साहेब उतरला. आम्ही सगळे अनवाणी. तो बूट घालून सरळ पिंडापाशी आला. बुटाच्या टोकानं पत्रावळ सरकवली.

"ए म्हाताऱ्या, हे खरकटं उचल."

"साहेब, पिंड हाये. माह्या बायकोचा."

"पक्ष्यांना खायला टाकायचं नाही म्हणून बोर्ड लावलाय ना? विमान पडलं तर तू जबाबदार का? तुझी बायको गेली ती गेली. उचल."

सारं गाव उभं होतं. साळा म्हणे, "उचला भाऊजी. केस करतीन." मी वाकलो. पिंड धोतराच्या सोग्यात घेतला. वरून हात जोडले. साहेबाले. बायकोच्या दहाव्याले, ज्यानं तिच्या पिंडाले बूट लावला त्याले.

नाल्याच्या पार जाऊन दर्भाचा कावळा केला, तो पिंडाले शिववला, अन् लोक मोकळे झाले. गवताचा कावळा.

साहेबाचं बोलणं खोटं नव्हतं. पाखरू विमानाले लागते. मी डोळ्यानं पाहिलं. "बाबा, इथं नका, पुढं नदीवर ठेवा," एवढंच म्हटलं असतं तर मी आपल्या पायानं गेलो असतो. एवढंच.

परतीचा रस्ता लग्नाच्या लॉनमागून जातो. तेही भिंतीलेच लागून. आदल्या दिवशीच्या पंगतीचं सारं मागं ओतलेलं. भात, पुऱ्या, मटणाची हाडं. त्यावर घारी. उतरत होत्या, उठत होत्या, भिंतीपलीकडं जात होत्या. अन् लॉनच्या सावलीत तीच जीप. साहेब अन् लॉनवाला खुर्च्या टाकून जेवून राहिले होते. साहेबानं मले पाहिलं. त्या ढिगाकडं पाहिलं. मग ताटात पाहिलं.

तिथं मले समजलं. बकरी नाही, पिल्लं नाही, मीही नाही. बुढीचा जीव त्या विमानातल्या माणसाईत अडकला होता. आम्ही भलतंच कबूल करत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या कॅरिअरले, जिथं सांभाराचा गठ्ठा बांधतो तिथं, झाकणाचा पिपा बांधला. लॉनमागचं फावड्यानं भरलं, झाकण ठोकलं, अन् विमानतळाच्या गेटवर गेलो. शिपायानं हटकलं. मी हटलो नाही. साहेबाची जीप आली तसा पिपा तिच्यापुढं ठेवला.

"काय आहे हे?"

"खरकटं," मी म्हटलं. "काल तुमी मले उचलाले लावला, तो पिंड होता. खरकटं हे होय. लॉनमागचं. तुमी जेवत होते तिथलं."

वास झाकणातूनही येत होता. साहेबानं नाकाले रुमाल लावला. "इथं उघडू नका. घारी येतील."

"म्हून त झाकून आणलं. तिथल्या ढिगाले झाकण नाई."

"बाबा, तुम्ही आत या. बसून बोलू." काल म्हाताऱ्या होतो. आज बाबा झालो.

मी आत गेलो नाही. हात जोडले नाही. सायकल वळवली.

"अहो, हे घेऊन जा."

"तुमी उचला," मी म्हटलं. "तो ढीग हाये तोवर रोज एक आणीन. मी आता उचलत नाई."

घरी आलो अन् दुसरा पिपा घासून ठेवला.