परीक्षेतली कवळी

काल माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूल देणारी तरुण डॉक्टरीण प्रश्न विचारत होती, आणि मला सत्तरच्या दशकातली नागपुरातली माझी भूलशास्त्राची परीक्षा आठवली.

मे महिना, अंगावर खळीचा कोट. खोकला, दमा, हृदय विचारून झालं होतं. "आणखी काय विचाराल?" परीक्षक म्हणाले. मी बोटांवर पुन्हा खोकल्यापासून मोजू लागलो. खाटेवरचे भिवापूरचे आजोबा चार दिवस परीक्षेची 'केस' होते. एव्हाना त्यांना सगळी उत्तरं पाठ होती.

"दाताचं इचार ना गा डॉक्टर, कवळी आहे माही!" म्हणत त्यांनी ती ओली, कोमट, तंबाखूच्या वासाची कवळी माझ्या हातावर ठेवली. बेशुद्धीत सुटी कवळी घशात अडकू शकते, आणि नेमका तोच प्रश्न माझा राहिला होता. परीक्षक खो-खो हसले. मी पास झालो, तरी म्हातारा मला आगाऊच वाटला.

काल त्या मुलीनं दात सोडून सगळं विचारलं. मी मुकाट्यानं कवळी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.