भंगार दिसणारी सायकल

घंटीमावशी सायकल शिकली ती लग्नानंतर, पदरात दोन पोरं असताना. जाऊबाईने मागून कॅरिअर धरलं होतं आणि सासू दारातून म्हणाली होती, "पडलीस तर रडत येऊ नकोस." ती पडली, पण रडली नाही. तेव्हापासून पहिली बस सुटायच्या आत ती कंपनीच्या इमारतीत झाडू घेऊन हजर. बसच्या भरवशावर राहिली असती तर सकाळपाळी कधीच हातची गेली असती.

सायकल तिने मुद्दाम भिकारडी ठेवली होती. सीटला फाटकी पिशवी, दांड्यावर डांबराचे फराटे, मडगार्डला सुतळी. चेन मात्र तेलात न्हालेली. चांगल्या सायकली चोरीला जायला लागल्या तेव्हा वस्तीतल्या सगळ्याच बायकांनी ही युक्ती धरली होती.

कंपनीत 'सायकल सप्ताह' सुरू झाला, त्या दिवसाची गोष्ट. साहेबलोकांसाठी छपराचा नवा स्टँड, त्यात चकचकीत सायकली. मावशी कचरा टाकायला मागे गेली, तर भिंतीपाशी सायकलीच्या जागी नुसती कुलपाची कापलेली साखळी. सायकल फाटकाजवळ उभ्या भंगारवाल्याच्या टेम्पोत, मोडक्या खुर्च्यांखाली.

"बेवारस भंगार उचला, असा हुकूम होता," वॉचमन तिची नजर चुकवत म्हणाला.

"रोज पहाटे मला फाटक उघडतोस. तेव्हा काय बेवारस बाई आत घेतोस?"

"मॅनेजरसाहेब शेजारी उभे होते हो, मावशी."

मॅनेजर काखेत हेल्मेट घेऊन आलेच. "अहो, नीटनेटकी ठेवली असती तर हा घोळ झाला नसता."

"नीटनेटकी ठेवली असती तर तुमच्याआधी चोराने नेली असती." मावशीचा आवाज चढला नाही. "आणि भंगाराला कुलूप कोण लावतं, साहेब?"

मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. "बरं, घ्या काढून. पण मागेच लावा, पुढे फोटो काढायचेत."

तिने खुर्च्या बाजूला ढकलून सायकल एकटीने खाली ओढली. वॉचमन पुढे सरसावला, तशी म्हणाली, "हात लावू नकोस. सकाळी लावलास तेवढा पुरे." सायकल तिने मागे नेली नाही. सरळ छपराखाली, चकचकीत सायकलींच्या मधोमध लावली, मडगार्डची सुतळी सोडली आणि स्टँडच्या दांडीला गाठीवर गाठ मारली.

"साखळी मागे कापलीत," ती म्हणाली, "सुतळी फोटोवाल्यासमोर कापा."

मग ती आत गेली आणि स्टँडसमोरची काच पुसायला लागली. काच मघाशीच लख्ख झाली होती. तरी ती पुसतच राहिली.