न दुखणारा पाय

धडधाकट माणसावर संशय घेण्यात माझ्या आत्याचा हात धरणारं अख्ख्या तंजावरात कुणी नव्हतं. ती सोनोग्राफीची डॉक्टर. परदेशी यंत्रं मिळणं सोपं झालं त्या वर्षांत तिनं एक वापरलेलं यंत्र आणवलं, आणि पार पापनाशमपासूनच्या गरोदर बायका तिच्या दाराशी रांग लावून बसू लागल्या. तिथंही ही आधी सोबत आलेल्या सासूची चौकशी करायची. कुणाचं भांडण मिटवायला बोलावलं, तर तक्रार करणाऱ्याला बाजूला बसवून गप्प असलेल्याला विचारायची, "तुझं काय?" मयताच्या घरी रडणाऱ्यांना ओलांडून सरळ स्वयंपाकघरात, सगळ्यांसाठी कापी, म्हणजे कॉफी, करणाऱ्या सुनेजवळ. "बोंबलणाऱ्याकडे सगळेच बघतात रे," म्हणायची. आम्ही हसायचो. आणि बोलकी इतकी, की आमच्या ओट्याच्या पाच पायऱ्या कधी सरळ चढली नाही. तिसरीवर थांबून अंगणातल्या शेवग्याला शेंगा किती लागल्यात यावर भाषण. आई आतून म्हणायची, "आल्या वन्सं. कापी उकळू दे सावकाश."

आईचा उजवा गुडघा मद्रासला बदलला. घरी आल्यावर आठवड्याभरात तो टरारून सुजला. एक्स-रेमध्ये नवा सांधा ठाकठीक दिसत होता, म्हणून आत्याकडे नेलं. तिनं आईला झोपवलं आणि जेल लावलं ते डाव्या पायाला.

"वन्सं, दुखतोय तो हा. आज तरी सोडा तुमचं खूळ," आई वैतागली.

"त्याच्याकडे अख्खं घर बघतंय. हा का गप्प आहे, ते बघू दे."

मांडीशी तिचा हात थांबला. वरून दाबलं की शीर मिटायला हवी, ती मिटेना. आत रक्ताची गाठ होती. उजव्या गुडघ्यात नुसतं पाणी साठलं होतं. मला बाहेर नेऊन आत्या हळूच म्हणाली, "ही गाठ सुटून फुप्फुसात गेली असती, तर तुझी आई राहिली नसती." त्याच दुपारी आईला दवाखान्यात ठेवलं, रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, आणि ती वाचली.

पुढच्या पोंगलनंतर आत्या गेली. हृदय. डॉक्टरांनी विचारलं, "पायऱ्या चढताना धाप लागत असणार, थांबावं लागत असणार. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या गावाला 'तुझं काय?' विचारणाऱ्या बाईला आम्ही ते एकदाही विचारलं नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

नव्या गुडघ्यानं आई पाचही पायऱ्या न थांबता चढू शकते. तरी तिसरीवर थांबते. परवा शेवग्याकडे बघत म्हणाली, "या झाडाला शेंगा कधी फारशा लागल्याच नाहीत रे."