श्यामलाक्कांचा मारका इंग्रजी वर्ग

शिवाजी पेठेत इंग्रजी शिकायला जायचं तर आधी दात घट्ट आहेत का ते बघून घ्यावं, असं आम्ही म्हणायचो. चेष्टा नव्हती. श्यामलाक्कांच्या वर्गातून जो तो काहीतरी फोडून घेऊनच बाहेर पडायचा.

अक्का म्हणजे अंबादास मास्तरांची विधवा. मास्तर गेले तेव्हा बाईंच्या पदरात दोनच गोष्टी राहिल्या, तालमीच्या बोळातली वरची खोली आणि मास्तरांनी शिकवलेली इंग्रजी. 'रात्र-रात्र इंग्रजीच शिकवत बसला, म्हणून पाळणा हलला नाही,' असं समोरची बायडाबाई म्हणायची. मी नाही म्हणत.

संस्थान विलीन झालं आणि पैलवानांचा दरबारी खुराक तुटला. नोकऱ्या शोधायची वेळ आली. त्यात कुणीतरी आवई उठवली, की पोलीसभरतीचा मुंबईचा साहेब इंग्रजीत विचारतो. झालं! नेसरीचा जोतीराम आणि पेठेतला सयाजी, दोघं लंगोट वाळत टाकून अक्कांच्या जिन्यावर हजर.

पाठांतर काही जमेना. जोतीराम म्हणाला, "अक्का, आमची अक्कल डोस्क्यात न्हाय, अंगात हाय. अंगाला शिकवा की."

अक्कांनी ते मनावर घेतलं. त्या शब्द उच्चारायच्या, पैलवानानं तो समोरच्याच्या अंगावर करून दाखवायचा. 'पुश' म्हणजे तळहातानं सारणं. 'शव्ह' म्हणजे खांदा घालून रेटणं. 'हर्ल' म्हणजे उचलून भिरकावणं. हा शब्द झाला त्या दिवशी सयाजी कठड्यावरून खाली बांधलेल्या म्हशीवर पडला. म्हशीनं आठवडाभर दूध चोरलं.

उच्चाराच्या बाबतीत बाई कडक. 'थ्रॅश', म्हणजे बदडून काढणं, म्हणताना जीभ दातांत धरायची. जोतीरामनं धरली आणि नेमका तेव्हाच सयाजीनं हनुवटीखाली ठोसा लगावला. जिभेचा शेंडा लोंबायला लागला. रक्ताची गुळणी टाकून गडी म्हणाला, "थ्रॅश."

"आता बरोबर," अक्का म्हणाल्या.

कुठला शब्द कुणी कुठं वापरायचा, हेही त्या सांगायच्या. 'चॅस्टाइज' न्यायाधीशाच्या तोंडचा, 'बीट' घरातला, 'थ्रॅश' रस्त्यावरचा. "मार एकच असतो, जोतीराम. पण शब्द कुठला काढता, त्यावरून तुमचं वळण कळतं." पैलवानांनाही त्या अहो-जाहो करायच्या. आणि वर्गाचा नियम एकच: शब्द आल्याशिवाय हात उचलायचा नाही. जोतीरामनं एकदा उचलला, तर महिनाभर जिना चढू दिला नाही. समेटाचे शब्द दिवाळीनंतर घ्यायचे होते. पैलवानांना घाई मारामारीची.

इतक्यात उगवला अप्पा. अक्कांचा दीर, पन्हाळ्याच्या तालुका कचेरीतला कारकून. त्याला खोली हवी होती. अक्कांच्या माहेरी दिवा लावायलाही कुणी उरलं नव्हतं. खोली गेली की बाई रस्त्यावर, हे सगळ्या बोळाला ठाऊक, आणि अप्पालाही.

रविवारी सकाळी तो आकाराम नावाचा रेड्याएवढा गडी घेऊनच आला. पैलवान वर्गासाठी येऊन खाली थांबले होते. अप्पा थेट वर गेला आणि एकेक भांडं कठड्यावरून खाली फेकू लागला.

"उठा वहिनी! खोली आमच्या बापाची आहे. इथं पैलवान जमवून काय चालतं, ते पन्हाळ्यापर्यंत ऐकू येतंय!"

"भाऊजी, बसा. चहा टाकते. बसून बोलू."

उत्तरादाखल अप्पानं तांब्या भिरकावला. तो अक्कांच्या भुवईवर बसला. रक्त पांढऱ्या लुगड्यावर ठिबकलं. आकारामनं दंड धरून बाईंना जिन्यापर्यंत फरफटत आणलं.

पैलवान जिना चढून आले, मुठी आवळून उभे राहिले, पण हात उचलेनात.

"अक्का, शबूद द्या की!" सयाजी ओरडला.

"पुश," अक्का पुटपुटल्या.

सयाजीनं आकारामला तळहातानं सारलं. आकाराम हसला.

"शव्ह!"

खांदा असा बसला, की आकारामचं नाक भिंतीवर फुटलं. त्यानं तिथलाच वरवंटा उचलून सयाजीच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला.

"हर्ल!"

जोतीरामनं आकारामला डोक्यावर उचललं आणि कठड्यापार टाकलं. या खेपेला म्हैस शहाणी, आधीच सरकली. आकाराम फरशीवर पडला तो पाय वाकडा होऊन.

अप्पा जिन्यानं पळू लागला. अक्कांनी डोळ्यातलं रक्त पुसलं, जीभ नीट दातांत धरली आणि म्हणाल्या, "थ्रॅश!"

जोतीरामनं त्याला शेवटच्या पायरीवर गाठलं. छातीवर बसला. पहिल्या ठोशाला दात पडले, मग जबडा निखळला. अप्पा आधी आईला हाका मारत होता, मग नुसता घरघरू लागला.

तेव्हा अक्का भानावर आल्या. "सीस!" त्या ओरडल्या. "डिसिस्ट!"

हे थांबायचे शब्द झालेच नव्हते. जोतीरामला वाटलं, नवीन मार दिसतोय. त्यानं अंदाजानं अप्पाचा गळा धरला आणि आवळला.

"अहो जोतीराम, थांबा ना!"

ऐन मारामारीत अहो-जाहो कुणाला ऐकू येतंय? अप्पाचे डोळे पांढरे झाले. मग साऱ्या पेठेला शिष्टाचार शिकवणाऱ्या श्यामलाक्का पदर खोचून खाली धावल्या आणि बोळ हादरेल अशा किंचाळल्या, "जोत्या, भाड्या, सोड! मरतंय की रं ते!"

जोतीरामचे हात गळ्यावरून आपोआप सुटले. समोर बायडाबाईच्या हातून घागर पडून फुटली. अप्पानं श्वास ओढला, तो साऱ्या बोळाला ऐकू आला.

फौजदार आला. जबडा बांधलेला अप्पा, तक्रार नाही म्हणून नुसती मान हलवी. भावजयीनं इंग्रजीतून मारलं, हे कचेरीत कुणाला सांगणार? खोली अक्कांकडंच राहिली. सयाजीचा खांदा मात्र वाकडाच जुळला, त्याची कुस्ती संपली. जोतीराम पोलिसात लागला. भरतीच्या साहेबानं इंग्रजीचं नाव काढलं नाही, छाती मोजली आणि घेतला.

शेवटच्या पायरीचा डाग अक्कांनी राखेनं घासघास घासला, निघाला नाही. पुढं नवा कुणी शिकायला आला, की त्याला आधी तिथं मूठ आवळून उभा करायच्या आणि पहिला शब्द द्यायच्या, "इनफ."

उच्चार कसाही होवो, मूठ उघडेपर्यंत वर येऊ देत नसत.